इंग्रजीतलं नाम: आधी मोजून पाहा, मग प्रकार ठरवा

‘नाउन म्हणजे काय?’ असं दहावीच्या वर्गात विचारलं की व्याख्या धडाधड येते. व्यक्ती, प्राणी, वस्तू, ठिकाण किंवा गुण यांचं नाव म्हणजे नाउन. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲबस्ट्रॅक्ट हे पाच प्रकारही एका दमात सांगून होतात. मग त्याच पोराला ‘आमच्याकडे दहा एकर वावर आणि दोन बैल आहेत’ एवढं इंग्रजीत लिहायला सांगा. वहीत उतरतं: ‘वी हॅव टेन एकर लँड अँड टू ऑक्स.’ पाचही प्रकार पाठ, आणि एका वाक्यात तीन चुका.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे दहावीतल्या पोरानं हा विषय दहा वर्षं शिकलेला असतो. कष्ट कमी पडलेले नसतात, जोर भलत्या जागी पडलेला असतो. पाच प्रकारांची यादी परीक्षेत एखाद-दोन गुण देईल, पण वाक्य लिहायला बसलं की ती फारशी उपयोगी पडत नाही. तिथे उपयोगी पडतो एकच प्रश्न: हे नाम इंग्रजीत मोजतात की नाही? आधी ‘अ’ लावायचा का, शेवटी ‘एस’ येतो का, पुढे ‘इज’ की ‘आर’, ‘मच’ की ‘मेनी’, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून खाली प्रकार आहेतच, पण सगळ्यात जास्त जागा मोजणीला दिली आहे.

मराठी माध्यमातली मुलं, तलाठी भरतीसारख्या परीक्षेची तयारी करणारे तरुण, लेकरांचा अभ्यास घेताना अडणारे आईबाप, अशा सगळ्यांना धरून लिहितो आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत आहेत. वहीत उतरवताना त्यांचं स्पेलिंग शब्दकोशात पाहून रोमन लिपीत लिहा. तेवढ्यानं स्पेलिंगचाही सराव होईल.

पहिली पायरी: वाक्यातलं नाम शोधा

मराठीत नाम ओळखायला सोपी खूण आहे. ज्याला ला, नं, चा, त असे प्रत्यय लागतात ते नाम किंवा सर्वनाम: बैलाला, वावरात, पऱ्हाटीचा. इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत. तिथे शब्दाची जागा पाहावी लागते. शब्दाच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘दिस’ यांपैकी काही लावून अर्थ लागतो का? तो क्रियापदाचा कर्ता किंवा कर्म आहे का? ‘इन’, ‘ऑन’, ‘ऑफ’ यांच्या मागून तो आला आहे का? उत्तर होय असेल तर ते नाम किंवा सर्वनाम.

शब्द एकटा पाहून निर्णय घेऊ नका, कारण इंग्रजीत तोच शब्द एका वाक्यात नाम असतो आणि दुसऱ्यात क्रियापद. ‘द हार्वेस्ट वॉज गुड’ म्हणजे पीक चांगलं आलं. इथे ‘हार्वेस्ट’ नाम. ‘वी हार्वेस्ट सोयाबीन इन ऑक्टोबर’ म्हणजे आम्ही ऑक्टोबरात सोयाबीन काढतो. इथे तेच क्रियापद. ‘वॉटर’चंही तसंच. ‘द वॉटर इज कोल्ड’मध्ये ते पाणी आहे आणि ‘वॉटर द प्लँट्स’मध्ये झाडांना पाणी देणं आहे. उलट ‘फार्मिंग इज हार्ड वर्क’ या वाक्यातलं ‘फार्मिंग’ क्रियापदातून आलेलं दिसतं, पण ते कर्त्याच्या जागी बसलं आहे, म्हणून नामाचं काम करतं.

सुरुवातीला रोज पाच वाक्यं घ्या आणि फक्त नामांखाली रेघ मारा. प्रकार लिहू नका. ही सवय पक्की झाल्याशिवाय पुढची पायरी चढण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: विशेषनाम आणि सामान्यनाम

मराठी व्याकरणात नामाचे मुख्य प्रकार तीन: सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम. समूहवाचक आणि पदार्थवाचक नामं आपण सामान्यनामाच्या पोटात टाकतो. शालेय इंग्रजी व्याकरण ती वेगळी काढतं, म्हणून तिथे पाच होतात. फरक एवढाच आहे.

‘रिव्हर’ हे सामान्यनाम, ‘वैनगंगा’ हे विशेषनाम. ‘व्हिलेज’ सामान्य, ‘सेवाग्राम’ विशेष. ओळखायला अवघड काहीच नाही. चूक होते ती लिहिताना. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे विशेषनामाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची आपल्या हाताला सवय नसते. माणसाचं, गावाचं, नदीचं, संस्थेचं नाव कॅपिटलनं सुरू होतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. विसरतात ते वार, महिने, सण आणि भाषा. मंडे, ऑगस्ट, पोळा, मराठी, इंग्लिश या सगळ्यांचं पहिलं अक्षर वाक्याच्या मधेही कॅपिटलच. समर, विंटर, मॉन्सून हे ऋतू मात्र लहान अक्षरानं. ‘स्कूल’ एकटं आलं तर लहान. शाळेचं पूर्ण नाव लिहिलं तर त्यातलं ‘स्कूल’ कॅपिटल.

विशेषनामाआधी सहसा ‘द’ लागत नाही. ‘द नागपूर’ किंवा ‘द गडचिरोली’ असं कोणी लिहीत नाही. पण नद्या आणि डोंगररांगा यांना ‘द’ लागतो: द वैनगंगा, द पैनगंगा, द पूर्णा, द सातपुडा रेंज. तलावाच्या नावाआधी तो लागत नाही, म्हणून नुसतं ‘लोणार लेक’.

हा नियम आपल्या विदर्भात किती कामाचा आहे ते पाहा. वर्धा नावाचं शहर आहे, जिल्हा आहे आणि नदीही आहे. ‘वी वॉक्ड टु वर्धा’ म्हणजे आम्ही वर्धा शहरापर्यंत चालत गेलो. ‘वी वॉक्ड टु द वर्धा’ म्हणजे आम्ही नदीपर्यंत चालत गेलो. मराठीत ‘वर्ध्याला गेलो’ आणि ‘वर्धा नदीवर गेलो’ असं सांगून आपण फरक दाखवतो. इंग्रजीत ते काम एकटा ‘द’ करतो.

तिसरी पायरी: मोजता येतं का?

इथे सावकाश चला. एखादा दिवस जास्त लागला तरी हरकत नाही.

इंग्रजीतली सामान्यनामं दोन गटांत पडतात. काउंटेबल म्हणजे मोजता येणारी: फार्मर, बस, ऑरेंज, एकर. अनकाउंटेबल म्हणजे न मोजली जाणारी: कॉटन, राइस, मिल्क, सॉइल.

काउंटेबल नाम एकवचनात असेल तर ते इंग्रजीत उघडं उभं राहत नाही. त्याच्या आधी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, ‘माय’, ‘दिस’, ‘वन’ असं काहीतरी हवंच. मराठीत आपण ‘माझा भाऊ शेतकरी आहे’ म्हणतो, ‘एक शेतकरी’ म्हणत नाही. तोच साचा डोक्यात ठेवून ‘माय ब्रदर इज फार्मर’ लिहिलं जातं. बरोबर वाक्य ‘माय ब्रदर इज अ फार्मर’. मराठी माणसाच्या इंग्रजीत गळालेला ‘अ’ जितका दिसतो तितकी दुसरी कुठली चूक मला दिसत नाही. व्यवसाय सांगताना हे विशेष पक्कं करा: शी इज अ नर्स, ही इज अ ड्रायव्हर, आय ॲम अ स्टुडंट.

‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवायला मराठी येणाऱ्याला फार चांगली सोय आहे. पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. ऑरेंज, ऑक्स, एकर, अंब्रेला हे स्वरानं सुरू होतात, म्हणून ॲन ऑरेंज, ॲन ऑक्स. ‘युनिव्हर्सिटी’ रोमन लिपीत स्वराच्या अक्षरानं सुरू होते, पण देवनागरीत ‘य’ येतो, म्हणून अ युनिव्हर्सिटी. ‘आवर’ म्हणजे तास. त्याच्या स्पेलिंगच्या सुरुवातीला ‘एच’ आहे, पण उच्चार ‘आ’नं होतो, म्हणून ॲन आवर. आद्याक्षरांनाही हाच नियम: ॲन एसटी बस, पण अ बस, ॲन एमपीएससी एक्झाम, पण अ यूपीएससी एक्झाम, ॲन एमएलए, पण अ सरपंच. एका शब्दाशी जपून राहा. वर्षाला आपण ‘इयर’ लिहितो, पण त्याचा इंग्रजी उच्चार ‘यिअर’ असा ‘य’नं सुरू होतो. म्हणून अ यिअर. कान या अर्थाचा ‘इअर’ मात्र ॲन इअर.

आता न मोजली जाणारी नामं. यातली बरीचशी मटेरियल नाउन्स, म्हणजे पदार्थवाचक असतात: कापूस, तांदूळ, गहू, दूध, तेल, साखर, वाळू, माती, लोखंड. यांना ‘अ’ लागत नाही, ‘एस’ लागत नाही आणि क्रियापद एकवचनी येतं. ‘कॉटन इज व्हाइट.’ ‘मिल्क इज कॉस्टली.’ मोजायचंच असेल तर मापाला मोजतात: अ लिटर ऑफ मिल्क, फाइव्ह बॅग्ज ऑफ युरिया, दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, माती असेल तर टू बंडीज नव्हे, टू कार्टलोड्स ऑफ सॉइल. जिनिंगमध्ये कापसाची गाठ बांधतात, ती आपल्या देशात १७० किलोची धरतात. इंग्रजीत ती ‘अ बेल ऑफ कॉटन’. शंभर गाठी झाल्या तर ‘अ हंड्रेड बेल्स ऑफ कॉटन’. बेल वाढते, कॉटन आहे तिथेच राहतं.

मराठी मापं अनेकवचनात बहुतेक बदलत नाहीत: एक एकर, दहा एकर; एक क्विंटल, पन्नास क्विंटल; एक किलोमीटर, तीन किलोमीटर. इंग्रजीत प्रत्येकाला ‘एस’ हवा: टेन एकर्स, फिफ्टी क्विंटल्स, थ्री किलोमीटर्स. आणि मापाच्या आणि पदार्थाच्या मधे ‘ऑफ’ हवा. सुरुवातीच्या चुकलेल्या वाक्यात तीनपैकी दोन चुका इथल्याच होत्या. एकच अपवाद लक्षात ठेवा: माप जेव्हा विशेषणासारखं नामाच्या आधी चिकटतं तेव्हा ‘एस’ गळतो. ‘द फार्म इज टेन एकर्स’, पण ‘अ टेन-एकर फार्म’.

खरी अडचण यापुढे आहे. एखादी गोष्ट प्रत्यक्षात मोजता येते का, हे पाहून चालत नाही. इंग्रजी भाषेत ती मोजतात का, हे पाहावं लागतं. घरातल्या खुर्च्या मोजता येतात, तरी ‘फर्निचर’ अनकाउंटेबल आहे. प्रवासातल्या पिशव्या मोजता येतात, तरी ‘लगेज’ अनकाउंटेबल. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’, ‘होमवर्क’, ‘मशिनरी’, ‘इक्विपमेंट’ ही सगळी याच गटातली. आपण मराठीत ‘दोन सल्ले दिले’ म्हणतो, इंग्रजीत ‘टू ॲडव्हायसेस’ चालत नाही. ‘टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावं लागतं.

मराठीत जी नामं अनेकवचनी आहेत ती तर हमखास फसवतात. आपले केस लांब ‘असतात’, पैसे संपले ‘आहेत’, तांदूळ महाग ‘झाले’, बातम्या ‘लागल्या’. इंग्रजीत हे सगळं एकवचन: ‘माय हेअर इज लाँग’, ‘द मनी इज ओव्हर’, ‘राइस इज कॉस्टली’, ‘द न्यूज इज ऑन’. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ आहे म्हणून ‘आर’ लिहायचा मोह होतो, लिहू नका. ‘मॅथेमॅटिक्स’ आणि ‘फिजिक्स’ही एकवचनीच.

उलट बाजूही आहे. काही नामं इंग्रजीत नेहमी अनेकवचनी चालतात. ‘कॅटल’ म्हणजे ढोरं: ‘द कॅटल आर इन द फील्ड.’ ‘अ कॅटल’ असं कधीच होत नाही. एक गाय असेल तर ‘अ काउ’ म्हणा. ‘पोलीस’ही तसंच: ‘द पोलीस आर कमिंग.’ एका शिपायाला ‘अ पोलीस’ म्हणता येत नाही, ‘अ पोलीस कॉन्स्टेबल’ किंवा ‘अ पोलीस ऑफिसर’ म्हणतात. चष्मा, कात्री, पँट या आपल्याकडे एकेक वस्तू आहेत. इंग्रजीत त्यांना दोन बाजू असल्यामुळे त्या अनेकवचनी. ‘माझा चष्मा कुठे आहे?’ याचं ‘व्हेअर आर माय स्पेक्टेकल्स?’ होतं.

काही शब्द दोन्ही गटांत असतात आणि अर्थ बदलतो. ‘पेपर’ म्हणजे कागद असेल तर अनकाउंटेबल, वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर ‘अ पेपर’. ‘ग्लास’ म्हणजे काच न मोजता, पाण्याचा पेला मोजून. ‘टाइम’ म्हणजे वेळ न मोजता, पण ‘थ्री टाइम्स’ म्हणजे तीन वेळा.

मच आणि मेनीचा गोंधळ इथेच सुटतो. मोजता येणाऱ्याला मेनी आणि फ्यू, न मोजल्या जाणाऱ्याला मच आणि लिटल: हाउ मेनी ऑरेंजेस, हाउ मच कॉटन, अ फ्यू बॅग्ज, अ लिटल मिल्क. यासाठी वेगळं काही पाठ करावं लागत नाही.

शंका आली तर शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी शब्दकोश उघडा, मोबाइलवरचाही चालेल. नामापुढे ‘सी’ हे अक्षर असेल तर काउंटेबल, ‘यू’ असेल तर अनकाउंटेबल. नवीन शब्द वहीत उतरवताना अर्थाच्या आधी ते एक अक्षर उतरवा. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

चौथी पायरी: अनेकवचन

दोन बैल, दोन हात, दोन दगड. मराठीत ‘आ’नं न संपणारी पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलत नाहीत. त्यामुळे ‘दोन’ म्हटलं की काम झालं असं आपल्याला वाटतं आणि ‘टू हँड’, ‘टू ट्रॅक्टर’ लिहून जातो. इंग्रजीत आकडा आला तरी ‘एस’ हवाच.

बहुतेक नामांना नुसता ‘एस’. शेवटी स, श, च, क्स असा घासणारा आवाज असेल तर ‘ई-एस’: बसेस, ब्रशेस, बेंचेस, बॉक्सेस. शेवटी ‘वाय’ आणि त्याआधी व्यंजन असेल तर ‘वाय’ जाऊन ‘आय-ई-एस’ येतं: सिटी, सिटीज, व्हरायटी, व्हरायटीज. ‘वाय’च्या आधी स्वर असेल तर काही बदलत नाही: डे, डेज. ‘एफ’ किंवा ‘एफ-ई’नं संपणाऱ्या काही शब्दांत ‘व्ह’ येतो: लीफ, लीव्हज, काफ म्हणजे वासरू, काव्हज, नाइफ, नाइव्हज. म्हणून तेंदूपत्ता गोळा करणं म्हणजे ‘कलेक्टिंग टेंडू लीव्हज’. ‘रूफ’ आणि ‘चीफ’ मात्र सरळ रूफ्स, चीफ्स. टोमॅटो, पोटॅटोला ‘ई-एस’. फोटो, किलोला नुसता ‘एस’.

अनियमित शब्द फार नाहीत, पण रोजच्या बोलण्यातले आहेत. मॅन, मेन. वुमन, विमेन, उच्चार ‘विमिन’. फुट, फीट. टूथ, टीथ. माउस, माइस. चाइल्ड, चिल्ड्रन. ऑक्स, ऑक्सन. शेवटच्या दोघांत ‘एन’ हा जुन्या इंग्रजीतला अनेकवचनी प्रत्यय टिकून राहिला आहे. पोळ्याच्या निबंधात ‘ऑक्सन’ लागणारच, तेव्हा तो पाठ असू द्या. जड वाटला तर ‘बुलक’ वापरा, तोही बैलच, आणि त्याचं अनेकवचन साधं ‘बुलक्स’. ताडोब्याच्या जंगलातलं एक हरीण ‘अ डिअर’ आणि वीस हरणं ‘ट्वेंटी डिअर’, शीपचंही तसंच.

आपल्या बोलण्यात शिरलेल्या काही अनेकवचनांना आपण एकवचन समजतो. ‘एक लेडीज आली होती’ हे बोलताना चालून जातं, लिहिताना ‘अ लेडी’ लिहा. ‘चिल्ड्रन्स’ हे अनेकवचनाचं अनेकवचन झालं. त्याची गरज नाही.

पाचवी पायरी: समूह आणि भाव

समूहवाचक नामांच्या लांबलचक याद्या पाठ करायला लावतात. सिंहांच्या कळपाला ‘प्राइड’ म्हणतात हे कळून चांगलंच आहे, पण आपल्याला रोज लागतात ते थोडे: अ हर्ड ऑफ कॅटल, अ फ्लॉक ऑफ शीप, अ पेअर ऑफ बुलक्स, अ बंच ऑफ बनानाज, अ स्वॉर्म ऑफ बीज, आणि टीम, कमिटी, फॅमिली, ग्रुप. बचत गट म्हणजे ‘सेल्फ-हेल्प ग्रुप’. गट एक म्हणून वागतो तेव्हा क्रियापद एकवचनी: ‘द ग्रुप मीट्स एव्हरी मंथ.’ गटातले सदस्य वेगवेगळे वागत असतील तर ब्रिटिश इंग्रजीत अनेकवचनही वापरतात, पण नव्यानं शिकताना एकवचनच धरून चाला.

भाववाचक नामं डोळ्यांना दिसत नाहीत, पण शेपटावरून ओळखू येतात. आपल्याकडे पणा, ता, त्व, ई, वा असे प्रत्यय आहेत: दयाळूपणा, शांतता, गरिबी, गोडवा. इंग्रजीत नेस, टी, मेंट, शन, हुड, शिप, डम: काइंडनेस, ऑनेस्टी, डेव्हलपमेंट, एज्युकेशन, चाइल्डहुड, फ्रेंडशिप, फ्रीडम. काही वेगळ्याच वळणानं जातात: पुअर, पॉव्हर्टी, स्ट्राँग, स्ट्रेंग्थ, ग्रो, ग्रोथ. यातली बहुतेक अनकाउंटेबल, आणि सर्वसाधारण अर्थानं आली तर त्यांना ‘द’ही लागत नाही. ‘लाइफ इज हार्ड’ बरोबर, ‘द लाइफ इज हार्ड’ चूक. पण ‘आयडिया’ आणि ‘प्रॉब्लेम’ भाववाचक असूनही मोजले जातात: अ प्रॉब्लेम, टू आयडियाज. प्रकार कळला तरी मोजणीचा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो, तो असा.

सहावी पायरी: लिंग आणि मालकी

मराठीत वही ती, खडू तो, पुस्तक ते. प्रत्येक निर्जीव वस्तूला लिंग आहे आणि त्याप्रमाणे विशेषण, क्रियापद सगळं फिरतं. इंग्रजीत हे ओझं नाही. निर्जीव ते सगळं ‘इट’. सायकल ‘ती’ आहे म्हणून ‘शी इज ओल्ड’ लिहू नका, ‘इट इज ओल्ड’ लिहा. माणसांना ‘ही’ किंवा ‘शी’. घरच्या गाईला कोणी मायेनं ‘शी’ म्हणालं तर ते इंग्रजीतही चालतं. टीचर, डॉक्टर, फार्मर, सरपंच ही नामं बाई असो की पुरुष, तीच राहतात.

विभक्तीचंही तसंच. ‘घोडा’ला ‘ला’ लावायचा तर आधी ‘घोड्या’ असं सामान्यरूप करावं लागतं. इंग्रजी नाम असं रूप बदलत नाही. ‘टु’, ‘फ्रॉम’, ‘इन’ आधी येतात आणि नाम आहे तसंच राहतं. एका इंग्रजी नामाची लेखी रूपं फार तर चार होतात. शेतकऱ्याचंच घ्या. एक शेतकरी: नुसतं ‘फार्मर’; अनेक शेतकरी: ‘फार्मर’ला ‘एस’; एका शेतकऱ्याचं: आधी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरच्या बाजूला येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह, आणि मग ‘एस’; अनेक शेतकऱ्यांचं: आधी ‘एस’ आणि मग अपॉस्ट्रॉफी. शेवटच्या तिघांचा उच्चार एकच, म्हणून कानावर विसंबू नका. मालक एक की अनेक, हे ठरवून चिन्ह टाका. ‘चिल्ड्रन’, ‘ऑक्सन’सारखं अनेकवचन ‘एस’नं संपत नसेल तर अपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’ दोन्ही लावा. ही मालकी बहुतेक माणसांना आणि प्राण्यांना लावतात. वस्तूंसाठी ‘ऑफ’ बरा: द रूफ ऑफ द हाउस.

दोन नामं शेजारी ठेवूनही संबंध दाखवता येतो, आपल्या ‘कापूस बाजार’सारखा: कॉटन मार्केट, ऑरेंज ऑर्चर्ड, बुलक कार्ट. पहिलं नाम इथे विशेषणाचं काम करतं आणि एकवचनात राहतं. वरुड-मोर्शीकडे बागेत हजारो संत्री असली तरी ती ‘ऑरेंज ऑर्चर्ड’च. अनेक बंड्या असल्या तर ‘बुलक कार्ट्स’.

आता सराव

खालचा उतारा वाचा आणि नामांखाली रेघ मारा.

‘माय अंकल इज अ फार्मर. ही हॅज टेन एकर्स ऑफ लँड निअर द वर्धा. लास्ट यिअर ही सोल्ड फिफ्टी क्विंटल्स ऑफ कॉटन. ऑन पोळा, द चिल्ड्रन पेंट द ऑक्सन्स हॉर्न्स. द व्हिलेज कमिटी गिव्हज अ प्राइझ टु द बेस्ट पेअर. देअर इज हॅपिनेस इन एव्हरी हाउस.’

वर्धा आणि पोळा ही दोन विशेषनामं. वर्धाच्या आधी ‘द’ आहे म्हणून ती नदी. कमिटी आणि पेअर समूहवाचक, कॉटन आणि लँड न मोजली जाणारी, हॅपिनेस भाववाचक. अंकल, फार्मर, एकर, यिअर, क्विंटल, चाइल्ड, ऑक्स, हॉर्न, प्राइझ, हाउस ही मोजता येणारी सामान्यनामं. ‘व्हिलेज’ नाम आहे, पण इथे कमिटीचं विशेषण होऊन बसलं आहे, म्हणून त्याला ‘एस’ नाही.

‘पेंट’खाली रेघ मारली असेल तर ती खोडा. रंग या अर्थानं ते पदार्थवाचक नाम असतं, पण इथे मुलं शिंगं रंगवत आहेत, म्हणून ते क्रियापद. ‘ऑक्सन्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी शेवटच्या ‘एस’च्या आधी येते, कारण ऑक्सन हे अनेकवचन ‘एन’नं संपतं. आता याच उताऱ्यातल्या काकांऐवजी स्वतःच्या घरचं माणूस, वर्धेऐवजी जवळची नदी आणि कापसाऐवजी तुमच्या वावरातलं पीक घालून सहा वाक्यं लिहा. भंडारा-गोंदियाकडे धान असेल तर ‘पॅडी’ लिहा. तेही अनकाउंटेबल, त्यामुळे पुन्हा क्विंटल्स ऑफ पॅडी. संत्री असतील तर मात्र ‘ऑरेंज’ मोजता येतं, आणि तिथे ‘क्रेट्स ऑफ ऑरेंजेस’ असं दोन्हीकडे अनेकवचन येईल.